अमली पदार्थांविरुद्ध शेजारी देशांमधला संपर्क तुटू नये

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

ऑगस्ट २०२३ च्या मध्यावर दापोली तालुक्यातील कर्दे, लाडघर, मुरूड, केळशी, कोळथरे, बुरोंडी या गावांच्या पुळणींवर आणि पुढे गुहागर तालुक्यातील बोऱ्यापर्यंत चरसाची पाकिटे वाहून आली होती, हे आपल्या वाचकांना आठवत असेल. थोड्याच दिवसांत एकट्या दापोली-गुहागर पट्ट्यात अडीचशे किलोंहून अधिक चरस सीमाशुल्क विभागाच्या हाती लागला आणि त्यानंतर रायगड जिल्ह्यात श्रीवर्धनच्या बाजूलाही तशीच पाकिटे सापडू लागली. त्या दिवसांत मालाच्या किमतीचे आकडे ठळक अक्षरांत छापून आले, गस्त वाढली, गावोगावी बैठका झाल्या. पण ती पाकिटे कोणाची होती, कोणत्या बोटीवरून आणि कोणत्या ठिकाणी ती पाण्यात पडली, या प्रश्नांची उत्तरे आमच्या पुळणीवर मिळण्यासारखी नव्हतीच. ती समुद्रापलीकडे होती, आणि समुद्रापलीकडच्या देशांशी या विषयावर नियमित, अखंड बोलणे चालू असल्याशिवाय ती पुढेही मिळणार नाहीत. आज हे पत्र लिहिण्याचे कारण तेवढेच आहे.

पावसाळ्यातला समुद्र जाणणाऱ्या कोणालाही ही पाकिटे इथपर्यंत कशी आली असतील, याचा अंदाज बांधता येईल. जून ते सप्टेंबर या महिन्यांत आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो, आणि नैऋत्येचा वारा जे काही तरंगते ते सगळे किनाऱ्याकडे लोटतो. गुजरातच्या जखौ भागात अशी पाकिटे त्याआधीही अनेकदा सापडली आहेत. गस्ती जहाज दिसले की तस्कर माल पाण्यात लोटून देतात, ही त्यांची जुनी रीत आहे, आणि असा लोटलेला माल लाटांबरोबर किती दूर जाईल याला काही धरबंध नसतो. म्हणजे दूर उत्तरेकडे कुठेतरी घडलेल्या गोष्टीचा उरलासुरला भाग आमच्या दारात येऊन पडला, असे मानायला पुष्कळ जागा आहे. आमच्या पोलिसांनी आणि कस्टमच्या कर्मचाऱ्यांनी भर पावसात, खडकाळ किनाऱ्यावरून पायी फिरून ही पाकिटे गोळा केली, त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे. परंतु वाहून आलेला माल उचलणे म्हणजे तस्करी रोखणे नव्हे.

एक गोष्ट जवळून सांगतो, कारण शहरात राहणाऱ्या वाचकाला ती सहज लक्षात येणार नाही. साधारण किलोभर वजनाचे, प्लास्टिकच्या अनेक थरांत घट्ट गुंडाळलेले ते पाकीट ओहोटीनंतर नारळाची सोडणे, तुटलेल्या जाळ्यांचे तुकडे आणि बाटल्या यांच्यात पडलेले असते. पावसाळ्यात पुळणीवर लाकूडफाटा वेचायला जाणारी बायामाणसे आणि मुले ते सहज उचलतील, असेच ते दिसते. आता कायदा पाहा. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार एक किलोच्या वर चरस ही व्यापारी मात्रा ठरते, आणि ती बाळगल्याचे सिद्ध झाले तर किमान १० आणि कमाल २० वर्षे सक्तमजुरी आहे. अशी दोन पाकिटे कुतूहलाने किंवा कोणाच्या तरी भरीस पडून घरात नेऊन ठेवणारा आमच्या गावातला विशीतला पोरगा आयुष्यातून उठू शकतो. त्यावेळी गावोगावी दवंडीसारख्या सूचना दिल्या गेल्या, सरपंचांनी आणि सागर सुरक्षा दलाच्या सदस्यांनी घरोघर सांगितले, म्हणून पुष्कळ अनर्थ टळला असावा असे मला मनापासून वाटते. पण ज्याने हा माल बोटीत चढवला, ज्याने त्यात पैसा घातला, त्याच्यापर्यंत या साऱ्यातले काहीच पोहोचले नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, अशी वेळ आमच्या किनाऱ्यावर येऊ नये.

कोकणाला समुद्रमार्गे येणारी संकटे नवीन नाहीत. १९९३ च्या सुरुवातीला शेखाडीला उतरवलेल्या आरडीएक्सने मुंबईत काय केले, ते या महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. त्यानंतर आणि विशेषतः २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर सागरी पोलीस ठाणी उभी राहिली, मासेमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे मिळाली, 'सागर कवच'सारखे सराव सुरू झाले. राज्याच्या लांबलचक किनाऱ्यावर आज पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक डोळे आहेत. मात्र हे सगळे डोळे आपल्या बाजूचे आहेत, आणि मालाचा प्रवास जिथे सुरू होतो तिथे ते पोहोचू शकत नाहीत.

हा प्रवास किती लांबचा आणि किती मोठा आहे, याची कल्पना काही जप्त्यांवरून येते. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंद्रा बंदरात २,९८८ किलो हेरॉइन पकडले गेले. ते अफगाणिस्तानातले, इराणच्या बंदर अब्बास येथून शंखजिऱ्याच्या नावाखाली कंटेनरमधून आले होते. मे २०२३ मध्ये नौदल आणि अमली पदार्थ नियंत्रण विभाग, म्हणजे एनसीबी, यांनी केरळच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात सुमारे अडीच हजार किलो मेथॅम्फेटामाइन, म्हणजे रसायनांपासून बनवलेला अमली पदार्थ, पकडले. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुजरातजवळच्या समुद्रात एका लहान गलबतावर तीन हजार किलोंहून अधिक चरस आणि त्याबरोबर मेथॅम्फेटामाइन व मॉर्फीन सापडले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अंदमानजवळ म्यानमारच्या एका मासेमारी बोटीवर तटरक्षक दलाने साडेपाच हजार किलोंच्या आसपास मेथॅम्फेटामाइन जप्त केले. पश्चिमेकडून आणि पूर्वेकडून, दोन्ही बाजूंनी आपण या व्यापाराच्या मधोमध आहोत.

यातला एक बदल मुद्दाम लक्षात घ्यावा असा आहे. एप्रिल २०२२ मध्ये तालिबानने अफूच्या लागवडीवर बंदी घातली, आणि संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीनुसार अफगाणिस्तानातील अफूचे क्षेत्र २०२२ मधल्या २ लाख ३३ हजार हेक्टरवरून २०२३ मध्ये १०,८०० हेक्टरवर आले. त्याच वर्षी म्यानमार हा जगातला सर्वांत मोठा अफू पिकवणारा देश ठरला. एका ठिकाणी दाबले की दुसऱ्या ठिकाणी वर येते, असा हा प्रकार आहे. शिवाय मेथॅम्फेटामाइनला ना शेत लागते ना हंगाम. रसायने आणि एक शेड मिळाली की ते कुठेही बनते. त्यामुळे एका देशाने आपल्या हद्दीत कितीही कडक धोरण राबवले तरी शेजाऱ्याशी बोलल्याशिवाय त्याचा अर्धा परिणामही टिकत नाही.

सहकार्यासाठी कायद्याची चौकट नाही, असेही नाही. १९८८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या व्हिएन्ना करारात १७ वे कलम खास समुद्रमार्गे होणाऱ्या तस्करीसाठी आहे. एखाद्या देशाला दुसऱ्या देशाच्या ध्वजाखालील बोटीचा संशय आला तर त्याने ध्वजाच्या देशाकडे नोंदणीची खात्री करून घ्यावी, बोटीवर चढून तपासणी करण्याची परवानगी मागावी, आणि समोरच्या देशाने विनाविलंब उत्तर द्यावे, त्यासाठी एक अधिकारी यंत्रणा नेमून ठेवावी, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. भारत, पाकिस्तान, इराण, श्रीलंका, बांगलादेश हे सगळे या कराराला बांधलेले आहेत. सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेने तर १९९० मध्ये माले येथे अमली पदार्थविरोधी स्वतंत्र करार केला. तो १९९३ पासून लागू आहे, आणि गुन्ह्यांची माहिती एकत्र करण्यासाठी कोलंबोत एक कक्षही सुरू झाला. पण २०१४ च्या काठमांडू बैठकीनंतर सार्कची शिखर परिषदच झालेली नाही. शिखर परिषद न होणे हा राजकारणाचा भाग झाला. तिच्या सावलीतली ही कामाची व्यवस्थाही थिजून जावी, हे मात्र मला पटत नाही.

हे काम प्रत्यक्षात कसे होऊ शकते, याचे उत्तम उदाहरण नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्याच अरबी समुद्रात घडले. श्रीलंकेच्या ध्वजाखालील काही मासेमारी बोटींतून अमली पदार्थ नेले जात असल्याचा संशय श्रीलंकेच्या नौदलाने भारतीय नौदलाला कळवला. आपल्या नौदलाने टेहळणी विमाने पाठवली, जहाजांच्या हालचालींची माहिती एकत्र करणाऱ्या गुरुग्रामच्या केंद्राची मदत घेतली, जहाज वळवले आणि दोन बोटी अडवून सुमारे ५०० किलो मेथॅम्फेटामाइन पकडले. बोटी, खलाशी आणि माल पुढील कारवाईसाठी श्रीलंकेच्या ताब्यात देण्यात आला. पाल्कच्या सामुद्रधुनीत तमिळनाडूच्या मासेमारांना श्रीलंकेकडून होणाऱ्या अटकेवरून दोन्ही देशांत वर्षानुवर्षे कटुता आहे, आणि ती मासेमार म्हणून मलाही बोचते. तरीही तो वाद या कामाच्या आड आला नाही. भारत, श्रीलंका, मालदीव, मॉरिशस, बांगलादेश इत्यादी देशांच्या कोलंबो सुरक्षा परिषदेने संघटित गुन्हेगारी आणि तस्करी हा आपल्या कामाचा एक आधारस्तंभ मानला आहे. दक्षिणेकडे वाट तयार होत आहे, हे समाधानाचे आहे.

अवघड प्रश्न पश्चिमेचा आहे, आणि तो टाळून हे पत्र पुढे नेता येणार नाही. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला निरपराध पर्यटकांची हत्या झाली, त्यात महाराष्ट्रातली माणसेही होती. त्यानंतर पाकिस्तानशी सहकार्य हा शब्द उच्चारला तरी पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते, आणि त्या संतापात मीही सहभागी आहे. दहशतवादाच्या प्रश्नावर सरकारने नमते घ्यावे, असे मी एका अक्षरानेही सुचवत नाही. पण त्याच वर्षी, मे महिन्यातल्या लष्करी संघर्षानंतर अवघ्या काही आठवड्यांत, १ जुलै रोजी दोन्ही देशांनी एकमेकांच्या ताब्यातल्या कैद्यांच्या आणि मासेमारांच्या याद्या ठरल्याप्रमाणे दिल्या-घेतल्या. दरवर्षी १ जानेवारीला अणुकेंद्रांच्या याद्याही १९९२ पासून अशाच दिल्या-घेतल्या जातात. इतके सगळे बिघडलेले असताना ही दोन कामे चालू राहतात, कारण ती थांबवून दोघांपैकी कोणाचेच भले होत नाही, हे दोन्हीकडच्या सरकारांना कळते. अमली पदार्थांची माहिती ही त्याच यादीतली तिसरी गोष्ट मानावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

त्यासाठी नव्याने काही उभारायचीही गरज नाही. आपले तटरक्षक दल आणि पाकिस्तानची सागरी सुरक्षा संस्था यांच्यात २००५ मध्ये करार झाला, थेट संपर्काची सोय झाली आणि २०१६ मध्ये त्याची मुदत वाढवली गेली. २०११ मध्ये एनसीबी आणि पाकिस्तानचे अमली पदार्थविरोधी दल यांच्यातही सामंजस्य करार झाला. या संपर्काचा उपयोग होतो की नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी डिसेंबर २०२४ मधली घटना आठवावी. पोरबंदरहून बंदर अब्बासकडे निघालेले एक गलबत पाकिस्तानच्या शोध आणि बचाव क्षेत्रात बुडाले, तेव्हा दोन्ही बाजूंच्या केंद्रांनी एकमेकांशी सतत बोलत राहून सर्व १२ भारतीय खलाशांना वाचवले. जो संपर्क बुडत्या माणसासाठी चालतो, तो चरस-हेरॉइन भरलेल्या बोटीसाठी का चालू नये?

समोरचा देश खोटी माहिती देईल, तस्करांना पाठीशी घालेल, अशी शंका रास्त आहे. परंतु या कामात विश्वास आधी लागत नाही. बोट अमुक ठिकाणी आहे, असे कळले तर आपले जहाज जाऊन पाहील; माहिती खरी की खोटी, हे बोटीच्या फळ्या उचलल्या की कळते. तिची नोंदणी कोणाच्या नावावर आहे, असे विचारले आणि उत्तर आले नाही, तर ते न येणेही लेखी पुरावा म्हणून आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर मांडता येते. विचारलेच नाही तर तेवढेही हाती राहत नाही. आणि या विषात शेजाऱ्याचे काही जळत नाही, असेही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०१३ च्या पाहणीत पाकिस्तानात अमली पदार्थ घेणाऱ्यांची संख्या ६७ लाख आढळली होती. अफगाण सीमेवर तस्करांशी लढताना इराणने तीन हजारांहून अधिक जवान गमावले आहेत. आपल्याकडे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार अफू, हेरॉइन आणि तत्सम पदार्थ घेणारे सव्वादोन कोटींच्या घरात होते. रडण्याचे आवाज सीमेच्या दोन्ही बाजूंच्या घरांतून येत आहेत.

आता आपल्या स्वतःच्या अंगणाविषयीही बोलले पाहिजे, नाहीतर शेजाऱ्यांकडे काही मागण्याचा अधिकार आपल्याला राहणार नाही. २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरजवळच्या एका कारखान्यातून सुमारे अठरा टन इफेड्रिन पकडले होते. ते देशाबाहेर जाऊन त्याचे मेथॅम्फेटामाइन व्हायचे होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये, व्यसन लावणाऱ्या वेदनाशामक गोळ्या पश्चिम आफ्रिकेत पाठवल्या जात असल्याचे उघड झाल्यावर पालघर जिल्ह्यातल्या एका कारखान्यावर छापा पडला आणि केंद्र सरकारला टॅपेन्टाडॉल व कॅरिसोप्रोडॉल यांच्या मिश्रणाची निर्मिती व निर्यात बंद करावी लागली. बांगलादेशात १९८० च्या दशकापासून बंदी असलेले कोडीनयुक्त खोकल्याचे औषध आपल्याच सीमेवरून चोरटेपणाने तिकडे जाते, आणि सीमा सुरक्षा दलाला त्याच्या बाटल्या सतत पकडाव्या लागतात. पालघर काय किंवा रायगड-रत्नागिरीतल्या रासायनिक वसाहती काय, हा सारा कोकणचाच भाग आहे. ज्या किनाऱ्यावर दुसऱ्या देशातला चरस वाहून येतो, त्याच किनाऱ्यावरून दुसऱ्यांच्या मुलांना बरबाद करणारी गोळी जात असेल, तर ती रोखणे आपले काम आहे. रसायनांच्या निर्यातीची आगाऊ सूचना घेणाऱ्या देशाला देण्याची पद्धत व्हिएन्ना करारातच आहे. ती काटेकोर पाळली जावी आणि बंद पडलेल्या कारखान्यांच्या शेड कोणाला भाड्याने दिल्या जातात, यावर औद्योगिक वसाहतींनी स्वतः लक्ष ठेवावे.

शेवटी मासेमारांविषयी. १ जून ते ३१ जुलै हा बंदीचा काळ संपला की आमच्या बोटी बाहेर पडतात, आणि समुद्रात दूरवर काय वेगळे चालले आहे ते सर्वांत आधी तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याला, दिसते. अनोळखी गलबत इंजिन बंद करून थांबलेले असणे, रात्री दिवे न लावलेल्या दोन बोटी एकमेकींना चिकटलेल्या दिसणे, जाळ्यात भलतेच गाठोडे येणे, या गोष्टी तो ओळखतो. पण तो कळवतो का, हा खरा प्रश्न आहे. कळवले तर बोट बंदरात अडकून पडेल, बर्फ वितळून मासळी खराब होईल, खलाशांचे जबाब होतील, पुढे तारखांना जावे लागेल, आणि कदाचित संशयही आपल्यावरच येईल, या भीतीने पुष्कळ जण गाठोडे पाण्यातच सोडून देत असतील, तर त्यांना दोष देणे मला जमणार नाही. तटरक्षक दलाचा १५५४, सागरी पोलिसांचा १०९३ आणि एनसीबीचा १९३३ हे क्रमांक आहेत. ते बंदराबंदरावर लावलेलेही आहेत. त्याच्या जोडीला एक लेखी हमी हवी: समुद्रातूनच कळवणाऱ्या तांडेलाची बोट काही तासांत मोकळी होईल, त्याचे नाव गुप्त राहील, आणि नुकसान झालेल्या फेरीची भरपाई मिळेल. अशीच हमी शेजारी देशांतल्या गरीब मासेमारांनाही मिळायला हवी. तस्कर बोटींवर पकडले जाणारे बहुतेक खलाशी पैशांच्या अडचणीतून या कामाला लागलेले असतात, आणि त्यांच्याकडून मिळालेली माहिती मालकापर्यंत नेणे हे त्यांच्या देशाच्या पोलिसांनाच शक्य असते. पालघरचे मासेमार हद्द ओलांडल्याच्या कारणावरून पाकिस्तानच्या तुरुंगात खितपत पडतात, तेव्हा त्यांच्या घरी काय होते ते आम्ही पाहिले आहे. मासेमार आणि तस्कर यांत फरक करणारी, दोन्ही देशांना मान्य असलेली बोटींची नोंदवही तयार झाली तर निरपराध सुटतील आणि गुन्हेगाराला मासेमाराच्या वेशात लपता येणार नाही.

रत्नागिरी-सिंधुदुर्ग आणि रायगडच्या खासदारांना माझी आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती आहे की, त्यांनी संसदेच्या येत्या अधिवेशनात गृह आणि परराष्ट्र मंत्रालयांना लेखी प्रश्न विचारावेत. २०२३ मध्ये आमच्या किनाऱ्यावर आलेल्या पाकिटांच्या मुळाविषयी कोणकोणत्या देशांकडे विचारणा केली गेली आणि काय उत्तर आले. २००५ आणि २०११ च्या करारांखालची शेवटची बैठक केव्हा झाली. कोलंबोतल्या सार्कच्या कक्षाकडे आज किती माहिती जाते आणि तिथून किती येते. आणि व्हिएन्ना कराराच्या १७ व्या कलमाखाली आपण गेल्या पाच वर्षांत बोटी तपासण्याच्या किती विनंत्या केल्या. या उत्तरांची प्रत दापोली, गुहागर आणि श्रीवर्धन तालुक्यांतल्या मच्छीमार सहकारी संस्थांना मराठीत मिळावी.

आपला नम्र,
एक मासेमार वाचक
मु. पो. हर्णे, ता. दापोली, जि. रत्नागिरी